जर्मन ऑपरेशन रिपोर्टचं इंग्रजी भाषांतर आणि ‘यूएसजी’वर अडलेला क्लेम : माझा अनुभव

जर्मनीतल्या दवाखान्यांचे ऑपरेशन रिपोर्ट इंग्रजीत करून देण्याचं काम मी यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी बसून करतो. भाषांतर सहसा अडत नाही. कागद अडतो तो विम्याच्या क्लेम डेस्कवर, आणि तिथंही दोन-तीन अक्षरांच्या एखाद्या संक्षेपावर. असाच एक क्लेम विनाकारण इतका लांबला की त्याची चीड अजून गेलेली नाही.

केस साधी होती. आपल्याकडचा एक मुलगा तिकडे नोकरीला. उजवा घोटा मोडला, वेबर सी प्रकारचं फ्रॅक्चर, म्हणजे फिब्युला (नडगीशेजारचं बारीक हाड) सिंडेस्मोसिसच्या (घोट्यापाशी ही दोन हाडं बांधून ठेवणाऱ्या सांध्याच्या) वर तुटलेली. प्लेट बसवली आणि मुलगा गावी परतला. पुढचे उपचार इथल्या हाडाच्या डॉक्टरांकडे, खर्चाचा क्लेम विमा कंपनीकडे. दोघांनाही इंग्रजी कागद हवा.

रिपोर्टमध्ये घोट्याच्या तपासणीत दोन शब्द होते, ओएसजी आणि यूएसजी. जर्मनमध्ये ओएसजी म्हणजे घोट्याचा वरचा सांधा, टिबिया (नडगी)-फिब्युला आणि टालस (टाचेच्या हाडावर बसणारं घोट्याचं हाड) यांच्यामधला. यूएसजी म्हणजे त्याखालचा, टालस आणि टाचेच्या हाडामधला. इंग्रजीत पहिल्याला नुसतं अँकल जॉइंट आणि दुसऱ्याला सबटेलर जॉइंट लिहायचं. ‘अप्पर अँकल, लोअर अँकल’ असं शब्दशः लिहिलं तर आपला ऑर्थोपेडिक सर्जन बुचकळ्यात पडतो. मूळ ओळ होती ‘यूएसजी फ्राय बेवेग्लिश’, म्हणजे सबटेलर जॉइंट मोकळा हलतो. भाषांतरात तेच लिहिलं होतं.

क्लेम डेस्कवरून शेरा आला, ‘यूएसजी रिपोर्ट जोडा.’ आपल्याकडे यूएसजी म्हणजे सोनोग्राफी. मूळ कागदात ती तीन अक्षरं दिसली आणि तपासणी झाली आहे, भाषांतरात ती गाळली आहे, असं त्यांनी धरून चाललं. जर्मन डॉक्टर सोनोग्राफीला ‘सोनो’ लिहितात आणि अख्ख्या रिपोर्टात तो शब्द कुठेच नाही, हे मेलवर कळवलं. उत्तर नाही. फोन लावला की दरवेळी नवीन माणूस, आणि तेच वाक्य, ‘सिस्टीममध्ये डॉक्युमेंट पेंडिंग दाखवतंय सर.’ न झालेल्या तपासणीचा कागद आणायचा कुठून? मुलाचे वडील कास्तकार. वेचणी सोडून त्यांनी तालुक्याला चकरा का माराव्यात, याचं उत्तर कोणाकडेही नव्हतं.

शेवटी सुटलं ते असं. पेंडिंग दाखवणाऱ्या त्याच रकान्यात काहीतरी अपलोड झाल्याशिवाय शेरा निघत नाही. मेलवरचा खुलासा कोणी फाइलला जोडत नाही. म्हणून त्याच रकान्यात दोन कागद एकाच पीडीएफमध्ये टाकले. पहिला, ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या लेटरहेडवर दोन ओळी : या रिपोर्टातील यूएसजी म्हणजे सबटेलर जॉइंट, सोनोग्राफी झालेली नाही. दुसरा, संक्षेपांचा तक्ता : मूळ अक्षरं, जर्मन पूर्ण रूप, इंग्रजी अर्थ आणि मूळ कागदातली ओळ. मग शेरा निघाला. आता हा तक्ता मी पहिल्या दिवसापासूनच जोडतो, कोणी मागो न मागो.

तक्त्यात घोळ घालणारे संक्षेप आधी घ्या. ‘टीईपी’ म्हणजे सांध्याचं पूर्ण रोपण, आपले सर्जन मात्र त्यावरून हर्नियाचं दुर्बिणीचं ऑपरेशन समजतात. ‘टीव्हीटी’ म्हणजे खोल शिरेतली गुठळी, इंग्रजीत डीव्हीटी. ‘पीई’ म्हणजे बायोप्सीसाठी काढलेला तुकडा. इंग्रजी वाचणाऱ्याला तिथं फुफ्फुसातली गुठळी दिसते. ‘व्ही.ए.’ म्हणजे संशय. तो सुटला तर संशयाचं थेट निदान होतं. ‘झेड.एन.’ म्हणजे पूर्वी झालेलं. विम्याच्या कागदात हा सगळ्यात नाजूक, कारण जुन्या आजाराचा प्रश्न याच्यावरूनच निघतो.

शब्दांतही सापळे आहेत. ‘लागेरुंग’ म्हणजे टेबलावर रुग्णाला कसं ठेवलं ते, साठवण नव्हे. ‘प्रेपाराट्सिओन’ म्हणजे डिसेक्शन, ऑपरेशनमध्ये आतले थर सोडवत जाणं, तयारी नव्हे. ‘विंकेलश्टाबिल’ प्लेटला इंग्रजीत लॉकिंग प्लेट म्हणतात. ‘त्सूकश्राउबे’ हा लॅग स्क्रू, तो तुकडे एकमेकांवर दाबतो. ‘श्टेलश्राउबे’ हा पोझिशनिंग स्क्रू, तो दाबत नाही, अंतर धरून ठेवतो. सिंडेस्मोसिसमधला हाच स्क्रू पुढे बऱ्याचदा काढायचा असतो, म्हणून दोन्हींना नुसतं ‘स्क्रू’ लिहिणं डॉक्टरांवर अन्याय आहे.

कोडचं सांगायचं राहिलं. एस ८२.६ हा निदानाचा आयसीडी (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला) कोड जसाच्या तसा ठेवा, तो इथंही चालतो. ५-७८७ सारखा ऑपरेशनचा कोड फक्त जर्मनीचा. त्याचा अर्थ लिहाच : हाडात बसवलेलं धातूचं सामान काढणं.

स्कॅन ३०० डीपीआयवर करून घ्या. जर्मन लोक दशांशाला स्वल्पविराम देतात. झेरॉक्स सेंटरवाल्यानं फोनवर फोटो काढून दिला की तो स्वल्पविराम दिसेनासा होतो आणि ३.५ मिलिमीटरचा स्क्रू ३५ चा होतो. ‘केडब्ल्यू १४’ म्हणजे वर्षाचा चौदावा आठवडा. शेजारी तारीख लिहून द्या.

‘पाय कधी टेकवायचा जी?’ हा घरच्यांचा पहिला प्रश्न. रिपोर्टात ‘टाइलबेलास्टुंग २० किलो’ असेल तर पार्शल वेट बेअरिंग (पायावर थोडाच भार) लिहून आकडा तसाच ठेवा. कुबड्या धरून दुखरा पाय वजनकाट्यावर ठेवायचा आणि काटा विसावर येईपर्यंतच दाब द्यायचा, हे फिजिओकडून करून घ्या. एकदा पायाला तो अंदाज आला की वावराच्या धुऱ्यावर पाय टाकायचा मोह आवरतो.

आणि इम्प्लांटच्या स्टिकरचं पान कधीही गाळू नका. त्यावर कंपनी, लॉट नंबर आणि माप असतं. ३.५ च्या स्क्रूचं डोकं षटकोनी असेल तर २.५ मिलिमीटरचा ड्रायव्हर लागतो, चांदणीसारखं असेल तर टी १५ मापाचा. तालुक्याच्या दवाखान्यात दोन्ही असतीलच असं नाही, आणि स्क्रू काढायच्या दिवशी टेबलावर ते कळून उपयोग नाही. पान आधी दाखवलं तर डॉक्टर ड्रायव्हर यवतमाळहून किंवा नागपूरहून मागवून ठेवतात.