पुढचं कुलूप कोणतं?

वेंगुर्ला, आषाढ. रात्री उशिरा.

आज एक गोष्ट मनाशी पक्की केली. किल्लीशिवाय, हत्याराने कुलूप उघडायचा माझा छंद. त्याच्या सरावाचं पुढचं कुलूप निवडताना वजन, किंमत आणि अंगावर कोरलेला लिव्हरचा आकडा, यांतलं काहीच बघायचं नाही. एका वेळी एकच नवी अडचण देणारं कुलूप घ्यायचं.

आपल्या बाजारात कुलूप मागितलं की दुकानदार आधी विचारतो, "सहा लिव्हर देऊ की आठ?" पण लिव्हरचं कुलूप ही वेगळीच विद्या आहे. आत पत्र्याच्या पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर आली तरच बोल्ट सरकतो आणि त्याची हत्यारंही वेगळी लागतात. मी सध्या पिनांच्या कुलपात आहे. लायनस येल ज्युनियरने 1861 मध्ये ज्याचं पेटंट घेतलं, ते चपट्या किल्लीचं. त्यात स्प्रिंगांखालच्या सगळ्या पिना नेमक्या उंचीवर आल्या की मधला गाभा, म्हणजे किल्ली जाते तो गोल भाग, फिरतो. किल्लीशिवाय उघडताना गाभ्यावर फिरवायचा हलका ताण ठेवून एकेक पिन उचलायची. दोन्ही एकदम हातात घेतली तर बोटांना एकही नीट कळत नाही.

पिनांच्या कुलपातही नुसत्या पिना मोजून भागत नाही. किल्लीचे दाते बघावेत. दाते जवळपास एका पातळीत असतील तर पाच पिनांचं कुलूपही चटकन सुटतं. एक दाता खोल, शेजारचा उंच असा चढउतार असेल, तर उंच उचलायच्या पिनेकडे जाताना पुढची पिन वाटेत येते आणि चार पिनाही घाम काढतात. म्हणून एकाच मॉडेलची चार-पाच कुलपं काउंटरवर मांडायला लावायची, किल्ल्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि आपल्या पायरीची निवडायची. दुकानदार बघत राहतो, बघू दे.

यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे उघडून पिना बदलता येतील असं दाराचं सिलिंडर. गाभा काढताना मागून तेवढ्याच जाडीचा लाकडी दांडा सरकवत न्यायचा, म्हणजे वरच्या स्प्रिंगा उडत नाहीत. मग आधी एकच पिन, नंतर दोन, असं वाढवत जायचं. साध्या पिना बोटांत बसल्या की त्यातली एकच काढून स्पूल पिन घालायची. डमरूसारखी, मध्ये बारीक.

ती स्पूल आज मनसोक्त अनुभवली. गाभा किंचित फिरतो आणि थांबतो, वाटतं उघडलं. उघडलेलं नसतं. आता प्रत्येक पिन हलकेच दाबून बघायची. ज्या पिनेवर गाभा बोटाखाली उलटा ढकलल्यासारखा होतो, ती स्पूल. तिथे ताण केसभर सैल करायचा आणि पिन वर जाऊ द्यायची. ताण जास्त सोडला तर बाकीच्या बसलेल्या पिना खाली येतात. ही केसभराची जाणीव आली की मगच खाचांच्या, म्हणजे सेरेटेड पिनांकडे जावं. त्या एकेका खाचेवर टिक टिक करून फसवतात.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण आयतीच मिळते, खारी हवा. पावसाळ्यात पितळ तग धरतं, पण लोखंडी स्प्रिंग गंजते आणि पिन जाम होते. ताणामुळे अडलेली पिन ताण सोडला की मोकळी होते, गंजलेली होत नाही. हा फरक बोटांनी ओळखायला मी भंगारातली जुनी कुलपं मुद्दाम घेतो. सरावाच्या कुलपांत मात्र तेल नाही, ग्रॅफाइटची पूड. तेलाला रेती धरते.

1851 च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज या अमेरिकन माणसाने ब्रामा या इंग्रज कारागिराचं, अभेद्य समजलं जाणारं कुलूप किल्लीशिवाय उघडलं. 16 दिवसांत मिळून 51 तास तो त्याच्याशी झटला. त्या चिकाटीचं मला फार मोल वाटतं.

वाडीत चाकरमान्यांची बंद घरं आहेत. परवा शेजारच्या काकी एका घराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुका येता मां, तां कुलूप उघडून दी." किल्ली मुंबईला आहे म्हणे. मी नाही म्हटलं. दुसऱ्याचं कुलूप नाही आणि स्वतःचं असलं तरी वापरातलं नाही. हत्याराने वापरातलं कुलूप बिघडूही शकतं. जगभर हा छंद करणारे हे दोन नियम पाळतात आणि मला ते मनापासून पटतात. काकींना मालकांचा फोन लावून दिला.

आता त्याच सिलिंडरमध्ये दुसरी स्पूल घालायची, पहिलीच्या लगतच्या जागेवर. किल्लीचे दाते तेच ठेवायचे. आठ लिव्हरवाल्याकडे दिवाळीनंतर बघू.