तळपायावरचा तीळ

माझ्या उजव्या तळपायावर, टाचेच्या किंचित पुढे, एक तीळ आहे. तळव्याला तीळ असलेली मुलगी परदेशी जाते असे आजी सांगत असे, आणि ब्रिस्बेनमध्ये येऊन मला आता नऊ वर्षे झाल्यामुळे तिच्या या शास्त्रावर शंका घेण्याचा अधिकार माझ्याकडे उरलेला नाही. गेल्या वर्षी मात्र एका डॉक्टरांनी याच तिळावर भिंग धरून तो बराच वेळ न्याहाळला, आणि परदेशयोगाखेरीज त्याला दुसराही काही अर्थ असू शकतो हे माझ्या पहिल्यांदाच लक्षात आले.

गाडीच्या सर्व्हिसिंगची चौकशी करावी तितक्या सहजपणे इथली माणसे एकमेकांना विचारतात, की तू शेवटचा स्किन चेक (त्वचेच्या कर्करोगाची तपासणी) कधी केलास? कार्यालयातील एका सहकारी बाईंनी मला असेच विचारले, तेव्हा माझा सावळा वर्ण पाहता मला त्याची गरज नसावी, असे उत्तर मी दिले. त्या पन्नाशीच्या आहेत आणि त्यांच्या खांद्यावर काढून टाकलेल्या मेलॅनोमाचा, म्हणजे त्वचेच्या एका घातक कर्करोगाचा, बोटभर लांब पांढरा व्रण आहे. त्यांनी वाद घातला नाही. फक्त आपल्या क्लिनिकचा दूरध्वनी क्रमांक लिहून दिला.

ऑस्ट्रेलियात ही तपासणी इतकी अंगवळणी का पडली आहे, हे समजण्यासाठी येथील ऊन आणि येथील माणसे यांची जोडी लक्षात घ्यावी लागते. ब्रिटन आणि आयर्लंडसारख्या ढगाळ प्रदेशांतून आलेल्या गोऱ्या लोकांचे वंशज येथे अशा उन्हाखाली राहतात, की ब्रिस्बेनमध्ये उन्हाळ्यात यूव्ही निर्देशांक, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, अकराच्या वर जाणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि संरक्षण घ्यावे असे ज्या तीन या आकड्यापासून सांगितले जाते, तो तर हिवाळ्यातल्या दुपारीही ओलांडला जातो. सत्तरी गाठेपर्यंत येथील दर तीन माणसांपैकी दोघांना कोणत्या ना कोणत्या प्रकारचा त्वचेचा कर्करोग होतो. त्यातले बहुतेक साधे, हळू वाढणारे आणि सहज काढता येणारे असतात. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींपासून होणारा मेलॅनोमा संख्येने कमी, पण जीवघेणा. या राज्यात, म्हणजे क्वीन्सलँडमध्ये, त्याचा पद्धतशीर अभ्यास १९६३ सालीच सुरू झाला होता. पुढे १९८१ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात एका कार्टूनमधल्या समुद्रपक्ष्याने ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ असे गाणे म्हणत लोकांना सदरा घाला, सनस्क्रीन लावा आणि टोपी चढवा असे शिकवले, आणि ते गाणे या देशातल्या दोन पिढ्यांना तोंडपाठ आहे. शाळेच्या मैदानावर टोपी नसलेल्या मुलाला खेळायला मिळत नाही, हा नियम माझ्या मुलीने मला पहिल्याच आठवड्यात सुनावला.

तपासणीची वेळ ठरवल्यावर क्लिनिककडून आलेल्या संदेशात मेकअप न करता आणि नखांचा रंग काढून या, अशी सूचना होती. मेकअपचे मला समजले. नखांचा त्वचेशी संबंध न कळल्यामुळे मी ती सूचना निम्मीच पाळली, आणि तेथे गेल्यावर परिचारिकेने दिलेल्या कापसाने पायाच्या दहाही बोटांवरचा लाल रंग पुसत बसले.

येथे ही तपासणी बहुधा त्वचारोगतज्ज्ञ करत नाहीत, तर त्यासाठी जादा प्रशिक्षण घेतलेले जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, करतात. मेडिकेअर या सरकारी योजनेतून शुल्काची काही भरपाई मिळते, तरी पुष्कळ क्लिनिक त्यावर आपली रक्कम आकारतात. अंतर्वस्त्रे सोडून सर्व कपडे उतरवावे लागतात, आणि परक्या माणसासमोर असे उभे राहण्याचा संकोच मला पुरेपूर वाटला, हे मी लपवत नाही. स्त्री डॉक्टर मागता येते, सोबत परिचारिका थांबावी असेही सांगता येते. मी दोन्ही मागितले आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. डॉक्टरांनी डोक्यापासून सुरुवात केली. केसांचे भांग पाडून टाळू, कानांच्या मागची बाजू, मान, पाठ, काखा, बोटांच्या बेचक्या असे सगळे त्यांनी ओळीने पाहिले आणि जेथे शंका आली तेथे डर्माटोस्कोप टेकवला. हे साधारण दहापट मोठे दाखवणारे, स्वतःचा प्रकाश असलेले भिंग असते. त्याच्या ध्रुवीकृत प्रकाशामुळे त्वचेवरची चमक बाजूला पडते आणि पृष्ठभागाखालच्या रंगद्रव्याची जाळी दिसू लागते. नुसत्या डोळ्यांना जो एक काळा ठिपका वाटतो, तो या भिंगाखाली नकाशासारखा उलगडतो.

तळपायाजवळ आल्यावर त्या थांबल्या. तळव्याच्या कातडीवर बोटांच्या ठशांसारख्या बारीक सऱ्या आणि वरंबे असतात. निरुपद्रवी तिळाचे रंगद्रव्य बहुतेक वेळा सऱ्यांमध्ये साचलेले दिसते, तर मेलॅनोमात ते वरंब्यांवर पसरते, आणि हा फरक जपानमधील डॉक्टरांनी बारकाईने मांडला, कारण त्यांच्या रुग्णांत मेलॅनोमा अनेकदा तळव्यांवरच आढळत असे. माझ्या तिळाचा रंग सऱ्यांमध्ये होता. डॉक्टरांनी तो मला पडद्यावर दाखवला: नांगरलेल्या शेतात पाणी साचावे तशा समांतर तपकिरी रेघा.

याच वेळी मी माझा सावळ्या वर्णाचा मुद्दा पुन्हा काढला, आणि त्यांचे उत्तर मला या संपूर्ण भेटीतले सर्वांत मोलाचे वाटते. गडद त्वचेतील रंगद्रव्य उन्हापासून खरोखरच संरक्षण देते आणि त्यामुळे आपल्यात मेलॅनोमा एकूणच दुर्मिळ आहे. पण तळहात, तळपाय आणि नखांखाली होणाऱ्या मेलॅनोमाचा उन्हाशी फारसा संबंध दिसत नाही. तो सर्व वर्णांच्या लोकांना सारख्याच, अगदी थोड्या प्रमाणात होतो. उन्हामुळे होणारा प्रकार आपल्यात जवळजवळ नसल्याने आपल्याला होणाऱ्या मेलॅनोमांत या प्रकाराचा वाटा मोठा ठरतो, आणि तेथे कोणी पाहतच नसल्यामुळे तो उशिरा सापडतो. कोणी त्याला पायाला होणारे कुरूप समजून कापते, कोणी ठेच लागून रक्त साकळले असे मानते. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग आधी फुटबॉलमधली दुखापत वाटला होता. १९७७ मध्ये तो मेलॅनोमा असल्याचे निदान झाले आणि १९८१ मध्ये, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, ते गेले. इकडे समुद्रपक्ष्याचे गाणे सुरू झाले तेही याच वर्षी, पण सदरा, सनस्क्रीन आणि टोपी यांतले काहीही त्यांच्या त्या अंगठ्याच्या उपयोगाचे नव्हते.

डाग वेळेत सापडण्याला इतके महत्त्व का, याचे उत्तर मिलिमीटरमध्ये आहे. १९७० मध्ये अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दाखवून दिले, की मेलॅनोमा त्वचेत किती खोल गेला आहे यावरून रुग्णाचे पुढे काय होईल याचा अंदाज बांधता येतो, आणि आजही पॅथॉलॉजीच्या अहवालात हाच आकडा सर्वप्रथम पाहिला जातो. एक मिलिमीटरपेक्षा कमी खोलीचा मेलॅनोमा भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह कापून काढला, की बहुसंख्य रुग्णांना आणखी उपचार लागत नाहीत.

माझ्या पाठीवर, मला आरशातही धड न दिसणाऱ्या जागी, एक तीळ इतरांपेक्षा वेगळा निघाला. असमान आकार, वेडीवाकडी कड, एकाहून अधिक रंग, सहा मिलिमीटरहून मोठा व्यास आणि होत जाणारा बदल, या संशयास्पद तिळाच्या पाच खुणा येथे सर्वांना पाठ असतात. पण डॉक्टरांचा भर होता तो बाकीच्या तिळांच्या जातकुळीत न बसणारा तीळ शोधण्यावर. त्यांनी त्याचे छायाचित्र घेतले आणि तीन महिन्यांनी परत बोलावले. ते तीन महिने मी फार शहाणपणाने घालवले नाहीत; रात्री इंटरनेटवर काय काय वाचले ते न सांगितलेले बरे. दुसऱ्या भेटीत दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली गेली आणि तिळात काहीही बदल नव्हता.

हा अनुभव वाचून प्रत्येकाने दरवर्षी अशी तपासणी करावी, असे मात्र मी म्हणणार नाही. जर्मनीत २००८ पासून पस्तीस वर्षांवरील सर्वांना दर दोन वर्षांनी ती मिळते. उलट अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या तज्ज्ञ गटाने २०२३ मध्ये, लक्षणे नसलेल्या सर्वसाधारण लोकांसाठी तिचा फायदा-तोटा ठरवण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले. निरुपद्रवी तीळ विनाकारण कापले जाणे, व्रण आणि माझ्यासारख्यांनी जागून काढलेल्या रात्री, हेही तोट्याच्या बाजूला मोजायला हवे. ज्यांच्या कुटुंबात मेलॅनोमा झाला आहे, ज्यांच्या अंगावर शेकडो तीळ आहेत किंवा जे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेतात, त्यांची गोष्ट वेगळी. माझ्यासारखीने महिन्यातून एकदा तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखे स्वतः पाहावीत आणि काही नवे किंवा बदलणारे दिसले तर यावे, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि मला ते पटले.

नखांचा रंग का काढायचा, तेही त्यांनीच समजावले. गडद वर्णाच्या माणसांच्या अनेक नखांत उभ्या तपकिरी रेघा असणे सामान्य आहे. पण एकाच नखात नव्याने उमटलेली, रुंदावत जाणारी किंवा जिचा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला आहे अशी रेघ दाखवायलाच हवी. आईच्या डाव्या अंगठ्याच्या नखात अशी एक रेघ मी लहानपणापासून पाहत आले आहे. तिला फोन केला, तेव्हा “अगं, ती तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे,” असे म्हणून तिने तो विषय निकालात काढला होता. मी तीन वेळा आठवण केल्यावर ती त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली आणि त्यांनी काळजीचे कारण नसल्याचे सांगून, रुंदी बदलली तर परत या, असे बजावले. आता दर महिन्याच्या एक तारखेला तिच्या अंगठ्याचे छायाचित्र मला येते. गेल्या खेपेपासून तिने कोणीही न सांगता अंगठ्याशेजारी कंपासपेटीतली मोजपट्टी ठेवायला सुरुवात केली आहे, आणि रेघ अजून दोन मिलिमीटरच आहे.