गाडी लागते

रविवार, रात्री साडेदहा

आज शाळेतल्या आम्ही अकराजणी एका दिवसाची सहल करून आलो. चोवीस वर्षांनी.

बसमध्ये चढले तर पुढची, खिडकीजवळची जागा माझ्यासाठी राखलेली. वर एकीने पर्समधून गोळी काढून हातावर ठेवली. ‘तुला गाडी लागते ना, घे.’

मला गाडी लागत नाही. कधीच लागली नाही. पाचवीपासून दहावीपर्यंत, सहलीचे पैसे भरायची वेळ आली की लागायची, एवढंच.

पहिल्या वर्षी मी ताप येणार म्हणून सांगितलं होतं! नावं पंधरा दिवस आधी द्यायची असतात आणि ताप इतका आधी कळत नाही, हे तेव्हा सुचलंच नाही. गाडी लागणं बरं. ते कायमचं असतं.

बाकीची लपवालपवीही अशीच हळूहळू जमत गेली. जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर आधीच्या मुलीचं नाव असे, ते पान मी कव्हरच्या आत चिकटवून टाकायची. फी राहिलेल्यांची नावं वर्गात वाचली जायची त्या तासाला मी डस्टर झटकायला बाहेर. (फळा माझ्याइतका कुणीच पुसला नसेल. बाईंना वाटायचं, किती कामसू मुलगी!) गणवेश एकच, रात्री धुतलेला, पावसाळ्यात ओलाच अंगात चढवायचा आणि वाटेत भिजले म्हणायचं. घरी येताना मैत्रिणी सोबत असल्या की आमच्या गल्लीच्या अलीकडच्या चांगल्या इमारतीत शिरायची, जिन्यात शंभर आकडे मोजायची आणि मग बाहेर पडायची. खोटं बोलणं एकवेळ सोपं, पण कुणाला काय सांगितलंय ते लक्षात ठेवणं फार दमवायचं. आमचे एकच आजोबा दोनदा वारले.

दहावीत मात्र आईने पैसे साठवले. शेवटचं वर्ष आहे, जाऊन ये म्हणाली, आणि नोटा हातात दिल्या. मी त्या दप्तरात घालून शाळेत गेले. पण सगळ्या वर्गाला माहीत होतं की मला गाडी लागते. आता एकदम लागायची कशी थांबली, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी नोटा परत दिल्या, सहल रद्द झाली म्हटलं. आई ‘बरं’ म्हणाली आणि परत डब्यात ठेवायला गेली. त्या दिवशी पहिल्यांदा मी घरी खोटं बोलले.

आज सांगून टाकावंसं वाटलं होतं. तिने पाण्याची बाटलीही उघडून पुढे धरली, आणि मी गोळी गिळली. त्या गोळीने गुंगी येते. जातानाचा घाट बघितलाच नाही, झोपूनच गेले.

उलटी झाली नाही म्हणून दिवसभर त्या गोळीचं कौतुक चाललं होतं. निघताना तिने नाव कागदावर लिहून दिलंय.