उद्या फुकट जातील

दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर केळ्यांचा वास. टोपलीतली वेलची केळी काळी पडलेली, म्हणजे ठिपक्यांची पायरी कधीच ओलांडून पार देठापर्यंत, आणि वर ती बारीक चिलटं. बायको म्हणाली, "अहो, टाकू का ही?" मी म्हटलं हात लावू नकोस. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता फ्रीजमधलं लोणी बाहेर काढून ठेवलं.

ओटीजी मुलीने घेतलेला, लॉकडाऊनमध्ये, तेव्हा अख्खी दुनियाच केळ्याचा केक करत होती. मग ती पुण्याला गेली, ओव्हन इथे रत्नागिरीत राहिला आणि त्याच्यावर आधी वर्तमानपत्रं, मग औषधांचा डबा, मग काय काय साठायला लागलं, ते मला बघवेना म्हणून मी एका रविवारी तो पुसून घेतला. आता मफिन हे माझं खातं. मुलगी फोनवरून सूचना देते, "बाबा, तू पीठ फार घोटतोस, म्हणून ते चिवट होतात." खरं आहे, गव्हाचं पीठ किंवा मैदा ओला करून जितका ढवळाल तितका चिकट ताणा धरतो, पोळीला हवं तेच मफिनला नको. पण हातात डाव आला की ढवळायचं थांबवणं कठीण असतं, आणि तिच्या रेसिपीतली 3 केळी म्हणजे ती लांबलचक जळगावची, आपली वेलची घेतली तर सात-आठ तरी लागतात. वेलचीला जरा आंबटपणाही असतो, त्यात दोन चमचे दही घातलं की सोडा छान फसफसतो. 180 वर वीस-बावीस मिनिटं, मध्ये लाईट गेली नाही तर.

हिशोब मात्र करू नये. वीस रुपयांची केळी वाचवायला लोणी, अंडी, साखर, व्हॅनिला आणि वीज. बायकोने एकदा हा हिशोब मोठ्याने केला होता, मी टीव्हीचा आवाज वाढवला.

कारण मुळात वाया जाऊ द्यायचं नाही हे डोक्यात लहानपणीच ठोकून बसवलेलं. पावस गावाच्या बाजूला आमचं घर, मे महिन्यात माळ्यावर आंब्याची आढी. खाली पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा, आणि वासाने डोकं जड व्हायचं. पिकणारा आंबा इथिलीन सोडतो आणि शेजारच्यालाही पिकवतो हे कॉलेजात कळलं, आजीला ते हाताला कळायचं. रोज सकाळी ती शिडी चढून जायची, एकेक आंबा अंगठ्याने हळूच दाबून बघायची आणि अगदी मऊ झालेले, डागी, देठाशी काळे पडलेले तेवढे टोपलीत भरून खाली आणायची. "हे आज संपवा रे, उद्या फुकट जातील." आम्ही आठ-दहा भावंडं पडवीत गोल करून बसायचो आणि संपवायचो. दुसऱ्या दिवशी कालचे चांगले आंबे आजचे मऊ झालेले असायचे, मग ते संपवा. असा अख्खा सीझन आम्ही एक दिवस मागे असायचो.

माझा एक चुलतभाऊ हिशोबात हुशार. त्याने एकदा जेवताना मांडलं की आजी, आपण फक्त एकदाच, एकाच दिवसाचे आंबे गुरांना घातले ना, तर उद्यापासून पावसापर्यंत रोज चांगलेच खायला मिळतील. सगळे गप्प. मला अजूनही त्या गणितात चूक सापडलेली नाही. आजीने त्याच्या पानात आणखी एक मऊ आंबा वाढला.

जे आम्हालाही संपायचे नाहीत त्यांचं साठं. रस आटवून तूप लावलेल्या ताटात पातळ पसरायचा, उन्हात सुकला की त्यावर दुसरा थर, आणि कावळे राखायला आम्ही. पावसाळ्यात परसातलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, जून होऊन पिवळं पडलं की त्याचं धोंडस, तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, पातेल्याच्या खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. खालून-वरून आच, दोन्ही कॉइल चालू, हे ओटीजीवाल्यांनी आम्हाला शिकवू नये. खरपूस कडेसाठी मारामारी व्हायची. मफिनला तशी कड येत नाही, वरचा फुगलेला भाग बरा लागतो, खालचा कागदालाच चिकटतो.

तर चांगले आंबे कुठे जायचे? पेटीत. वडील आणि काका ओटीवर बसून निवडायचे, एकसारखे, डाग नसलेले, पाच डझनी पेट्या भरून ट्रकने मुंबईला. त्यांना हात लावला तर फटका. मग दलालाची पट्टी यायची, तिच्यात हमाली, तोलाई, कमिशन कापून जे उरेल ते वडील दोनदा वाचायचे. जूनमधली आमची वह्या-पुस्तकं, गणवेश, छत्र्या त्यातून. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा ऑफिसात पेढे वाटले, सगळे मला विचारत होते, तुमच्याकडे तर काय चंगळ असेल लहानपणी. मी हो म्हटलं. पेटीतला आंबा मी पहिल्यांदा खाल्ला तो नोकरी लागल्यावर मुंबईत, विकत घेऊन. चव चांगलीच होती, पण मला वाटलं अजून दोन दिवस थांबायला हवं होतं.

केळ्याचंही तसंच. पिवळंधमक केळं मला कच्चंच लागतं. त्यामुळे आता खरं सांगायचं तर मी बाजारातून दीड डझन आणतो, डझनभर टोपलीत दिसतील अशी ठेवतो आणि बाकीची वर्तमानपत्रात गुंडाळून तांदळाच्या डब्यामागे सारतो. घरात दोनच माणसं, तरी भीती असते कोणीतरी वेळेत खाऊन टाकेल.

मफिन बारा होतात, दोघांना जास्त, म्हणून चार खालच्या मजल्यावरच्या काकूंना देऊन आलो. काकू जुन्या वळणाच्या, डबा कधी रिकामा परत देत नाहीत. संध्याकाळीच वर आल्या, डब्यात गावच्या झाडाचे चिकू, बोट लावलं तर आत जाईल असे मऊ.

"आजच खा हं," म्हणाल्या.

बायकोने फ्रीज उघडला. लोणी संपलंय.