शूबर्टसाठी कोणता पियानो?

९ जुलै, रात्र

आज ठरवून टाकलं. रात्रीच्या रियाजासाठी मॉडेलिंगचा, म्हणजे गणिताने आवाज घडवणारा, सॉफ्टवेअर पियानो.

मुंबईच्या पावसात घरच्या अपराइटवर (उभ्या पियानोवर) विसंबता येत नाही. दमट हवेने साउंडबोर्ड (तारांमागची, नाद वाढवणारी लाकडी फळी) फुगतो, तारांचा ताण वाढतो आणि मधली सप्तकं बाकीच्यांपेक्षा जास्त चढतात. आत्ता ट्यून करून घेतला तरी ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा उतरणार. त्यात रात्री शेजारी झोपलेले. म्हणून वजनदार पट्ट्यांचा डिजिटल, लॅपटॉप आणि हेडफोन.

निवड दोन जातींमधली होती. एक सॅम्पलची. खऱ्या ग्रँडचा (मोठ्या, आडव्या पियानोचा) एकेक सूर हलक्यापासून जोरकसपर्यंत वेगवेगळ्या जोराने वाजवून ध्वनिमुद्रित केलेला असतो. लंडनच्या अ‍ॅबी रोडला टिपलेला यामाहा सीएफएक्स याच जातीचा. दुसरी मॉडेलिंगची. फ्रान्समधल्या तुलूझच्या मोडार्टने २००६ मध्ये आणलेल्या पियानोटेकमध्ये ध्वनिमुद्रित सूर नसतातच. हातोडी, तार, साउंडबोर्ड यांचं गणित तो वाजवता वाजवता मांडतो.

नमुन्याच्या ध्वनिफिती ऐकून काहीच कळत नाही, सगळेच सुंदर वाटतात. मी संगीतकार शूबर्टचा जी फ्लॅट मेजर इम्प्रॉम्प्टू (पियानोसाठीची छोटी रचना) घेऊन बसले, ओपस ९० मधला तिसरा. यात उजव्या हाताच्या करंगळी-अनामिकेकडे गाणं असतं आणि त्याच हाताची उरलेली बोटं खाली अखंड झुळझुळत असतात. एकाच पंजात दोन वजनं! १८५७ मध्ये तो पहिल्यांदा छापला तेव्हा प्रकाशकाने तो जी मेजरमध्ये नेला, वाचायला सोपा म्हणून. पण जी फ्लॅटमध्ये बोटं काळ्या पट्ट्यांवर सपाट पडतात, आणि माझ्या हाताला तरी तो मऊ, लांब सूर तिथेच सापडतो.

सुरुवातीलाच बी फ्लॅट हा एकच सूर पुन्हा पुन्हा येतो. पेडल दाबलेलं, आधीच्या सुराची आस अजून चालू, आणि हातोडी थरथरत्या तारेवरच पुन्हा पडते. खऱ्या पियानोत हा दुसरा सूर पहिल्यातूनच उगवतो. सॅम्पलमध्ये बहुधा एका ध्वनिमुद्रणावर दुसरं येऊन बसतं. एरवी कानाला ते खटकत नाही, इथे खटकतं. मॉडेलिंगमध्ये मला ओळ सलग ऐकू आली.

मग पेडल. अर्धं पेडल म्हणजे डॅम्पर (तारांचा नाद थांबवणाऱ्या गाद्या) तारांना जेमतेम टेकलेले, नाद गढूळ न होता पातळ होतो. नुसतं चालू-बंद होणारं पेडल असेल तर कुठलंच सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. माझं पेडल मधल्या सगळ्या जागा कळवतं, आणि मॉडेलिंगने त्यातली प्रत्येक जागा ऐकली. हार्मनी बदलताना पाय किंचित उचलला तर खर्ज राहिला आणि वरचं धुकं गेलं. हा माझ्यासाठी निर्णायक क्षण.

नादाच्या श्रीमंतीत मात्र सॅम्पल सरस आहे, हे मनापासून लिहिते. त्यात लाकूड ऐकू येतं, हॉलची हवा ऐकू येते. पियानो शिकवणाऱ्या बाईंना ध्वनिमुद्रण पाठवायचं असेल तेव्हा मी तोच वापरीन. पण रियाजात मला बोटाने काय केलं याचा खरा जाब हवा असतो. करंगळी कमी पडली तर गाणं बुडालंच पाहिजे. कसंही दाबलं तरी गोड बोलणारा पियानो रोज वाजवला, तर कान हळूहळू तक्रार करायचा थांबेल, याची मला खरोखर भीती वाटते.

पियानोटेकमधल्या स्टाइनवे डी आणि ब्ल्यूथनर या दोन पियानोंत ब्ल्यूथनर ठेवला. मधल्या सप्तकात तो जास्त गातो, आणि या रचनेचा जीव तिथेच आहे. कृत्रिम घुमारा जवळजवळ बंद केला. व्हेलॉसिटीचा वक्र (पट्टी किती जोराने दाबली की किती मोठा आवाज, याचं प्रमाण) खालच्या बाजूला सैल केला, कारण डिजिटलच्या पट्ट्या आत, काळ्या पट्ट्यांच्या मधे, जड लागतात आणि पियानिसिमोतले, म्हणजे अगदी हळू वाजवायचे, काही सूर गळत होते.

मधला ई फ्लॅट मायनरचा भाग राहिला. तिथे डाव्या हाताला वजन आहे आणि हेडफोनमध्ये खर्ज जरा जास्तच भरतो. तो उद्या दुपारी स्पीकरवर वाजवून बघेन.