नाक तर काढावंच लागतं

लेखकाचं बरं असतं. ‘ती अपूर्व लावण्यवती होती’ एवढं लिहिलं की तो सुटला. चित्रकाराला मात्र नाक काढावं लागतं. सरळ की जरा बाकदार, कपाळ केवढं, केस कुठून वळवलेले, हे सगळं त्यानेच ठरवायचं. आणि एकदा त्याने ठरवलं की तुमच्याआमच्या डोक्यात ती बाई जन्मभर तशीच. दुसरीकडून उचललेल्या गोष्टींची कॉमिक्स मला म्हणूनच जास्त आवडतात. त्यांत मूळ लेखक आणि चित्रकार यांची एक गुपचूप खेचाखेची चाललेली असते, आणि ती बघायला मजा येते.

आमच्या नौपाड्याच्या चाळीत ‘अमर चित्र कथा’ कुणा एकाच्या मालकीची नसायची. कुणीतरी गावाला जाताना गाडीत वाचायला घ्यायचं, मग ती प्रत अख्ख्या मजल्यावर फिरायची आणि परत येईपर्यंत मधल्या पिना निघालेल्या असायच्या. शकुंतला मला तिथेच भेटली. दुर्वासांचा शाप, पाण्यात पडलेली अंगठी, माशाचं पोट, सगळं पाठ. पुढे कॉलेजात कळलं की महाभारतात अंगठीच नाही, शापही नाही. तिथला दुष्यंत चक्क ओळख देत नाही, आणि भर दरबारात शकुंतला त्याला असं काही सुनावते की ज्याचं नाव ते. शेवटी आकाशवाणी होते तेव्हा कुठे महाराज कबूल होतात. अंगठी आणि शाप आणले कालिदासाने, आणि राजाला अलगद सोडवलं. कॉमिकवाल्यांनी उचलला तो कालिदास. मूळची भांडखोर शकुंतला आमच्या पिढीला कुणी दाखवलीच नाही, याचा मला अजून राग आहे.

पण मग आजीची शकुंतला तिसरीच. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’ संगीत नाटक म्हणून उभं केलं, आणि आजीच्या लेखी शकुंतला म्हणजे गाणारी बाई. ठाण्याच्या ‘गडकरी’ नाट्यगृहात कुठलंही संगीत नाटक लागलं की तिला जायचंच असे. माझ्या हातातलं चित्र बघून ती एकदाच म्हणाली, ‘‘ही काही गात असेल असं वाटत नाही.’’ खरंच होतं. चित्रातली शकुंतला मान वळवून उभी होती, तोंड मिटलेलं.

महाभारताच्या बाबतीत तर घरात तटच पडले होते. ‘अमर चित्र कथे’ने 1985 पासून 42 अंकांत महाभारत काढलं, चित्रं मुख्यतः दिलीप कदमांची. ते पुरतं संपायच्या आत, 1988 च्या ऑक्टोबरात, दूरदर्शनवर रविवारी सकाळी महाभारत सुरू झालं. भाऊ टीव्हीच्या बाजूने, मी चित्रांच्या. माझं म्हणणं एवढंच की कदमांच्या युद्धात धूळ दिसते, घोडे खरोखर कोसळतात. टीव्हीवर दोन बाण हवेत एकमेकांकडे बघत सावकाश येतात. भाऊ म्हणायचा, तुझ्या चित्रात शंख वाजत नाही. यावर मला उत्तर सुचायचं नाही, मग मी त्याचं टाळकं धरायची.

कधीकधी चित्रकाराला मूळ गोष्ट धड बघायलाही मिळत नाही. ‘स्टार वॉर्स’चं मार्व्हलने काढलेलं कॉमिक 1977 मध्ये सिनेमा लागायच्या आधीच बाजारात आलं होतं. त्यात जब्बा नावाचा गुंड दिसतो तो पिवळट, मिशाळ, दोन पायांवर चालणारा. कारण सिनेमातून तो प्रसंग कापलेला, जब्बा दिसतो कसा हे तेव्हा कुणी पाहिलंच नव्हतं. 1983 च्या सिनेमात तो अवतरला तेव्हा निघाला भलामोठा गोगलगायीसारखा लिबलिबीत गोळा! मला तो चुकलेला जब्बा फार प्रिय आहे. चित्रकाराने कुणाला न विचारता काहीतरी ठरवून टाकलंय.

उलट फार प्रामाणिक कॉमिक्स मला झोप आणतात. 1941 पासून अमेरिकेत ‘क्लासिक्स इलस्ट्रेटेड’ निघत, पहिलाच अंक ‘थ्री मस्केटिअर्स’. शेवटी सूचना असायची, की आता मूळ पुस्तक वाचनालयातून आणून वाचा. त्यातले काही अंक म्हणजे वरती निवेदनाची चौकट, खाली तेच चित्रात. चित्रकार नुसता मान डोलावतोय.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘सिटी ऑफ ग्लास’. पॉल ऑस्टरची ही कादंबरी सगळी शब्दांच्याच भोवती फिरणारी, तिचं कॉमिक होईल असं स्वप्नातही येऊ नये. पॉल कारासिक आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी 1994 मध्ये ते केलं. त्यात लहानपणी बापाने अंधाऱ्या खोलीत कोंडलेला एक माणूस लांबलचक, तुटकतुटक बोलतो. कादंबरीत ती नुसती पानंच्या पानं. इथे बोलण्याच्या फुग्याची शेपटी त्याच्या ओठांशी थांबत नाही, तोंडात शिरते, घशात उतरते, आणि पुढे बोलणं भलत्याच वस्तूंमधून येऊ लागतं. आवाज माणसाचा नाहीच, कुठून तरी खोलातून येतोय, हे एका शेपटीत सांगितलं. हे ऑस्टरलाही शब्दांत जमलं नसतं, असं माझं मत.

घोडबंदर रोडला राहणारी माझी भाची ॲन फ्रँकची डायरी चित्रांतून वाचत होती, 2017 ची, आरी फोलमन आणि डेव्हिड पोलॉन्स्की यांची. तिने मला एक पान दाखवलं. थोरली बहीण मार्गो कशी सद्गुणी आणि आपण कशा, हा ॲनचा नेहमीचा जाच. चित्रकाराने मार्गोला क्लिम्ट या चित्रकाराच्या सोनेरी बाईच्या थाटात बसवलंय, आणि ॲन म्हणजे मुंकच्या चित्रातली, कानांवर हात ठेवून किंचाळणारी आकृती. ‘‘मावशी, आई मला आणि दादाला बघते ना, सेम असंच,’’ भाची म्हणाली. डायरीत हे चित्र कुठे आहे? कुठेच नाही. आणि तरी ते अगदी ॲनचंच आहे.

तेव्हापासून माझ्या डोक्यात लक्ष्मीबाई टिळकांची आत्मकथा ‘स्मृतिचित्रे’ घोळतेय. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणून पुन्हा वाचली. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं एवढं कडक की मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. त्याला एक अख्खं पान द्यावं, एकही शब्द नको: मिठाचा ढीग, पाण्याची धार, मग लहान ढीग, मग आणखी लहान, आणि कोपऱ्यात बघत उभी असलेली छोटी मुलगी. हसू येतं आणि घुसमटही होते, दोन्ही एकदम. नवऱ्याचं, म्हणजे टिळकांचं, न सांगता घरातून निघून जाणं तर चौकटींसाठीच लिहिल्यासारखं आहे.

भाची चित्रं बरी काढते. तिला म्हटलं, तू काढ, संवाद मी लिहिते. तिने पुस्तक चाळलं, मधलं एक पान वाचलं आणि म्हणाली, ‘‘संवाद त्यांनी लिहून ठेवलेत. तू फक्त पेन्सिलींना टोकं काढून दे.’’