स्पार्क आहे, पण पेट्रोलच जात नाही

मामांची जुनी पेट्रोल हॅचबॅक पावसात बरेच दिवस अंगणात उभी होती, नंतर सेल्फ मारला की इंजिन मस्त फिरतंय पण चालू काही होईना. गॅरेजवाल्याने बघितल्या बघितल्या सांगितलं पेट्रोलचा पंप गेला, आणि मामा लगेच पैसे काढायला तयार! म्हटलं मामा तुम्ही थांबा जरा, आधी बघू तरी.

प्लग काढून ब्लॉकला टेकवला तर कडक निळा स्पार्क, आणि एवढा सेल्फ मारूनही प्लग कोरडा ठणठणीत, पेट्रोलचा वाससुद्धा नाही. थ्रॉटल बॉडीत (इंजिनात हवा जाते तिथे) थोडा पेट घेणारा कार्ब क्लीनर स्प्रे मारला तर क्षणभर धडधडली आणि बंद, म्हणजे इंजिन ठीक, फक्त पेट्रोल मिळत नाहीये. शिवाय या गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कळवणारा) बघूनच स्पार्क देतो, त्यामुळे त्या सेन्सरच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता.

पंपाचं म्हणाल तर चावी ऑन केली की मागच्या सीटखाली २ सेकंद घूंऽऽ आवाज येत होता, गेज लावला तर प्रेशर ३ बारच्या आसपास. मग पंप कशाला बदलायचा?

आता इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारा नोझल. लोकांना वाटतं ईसीयू त्याला करंट पाठवतो, पण बहुतेक गाड्यांत उलटं असतं, एका वायरला चावी ऑन असताना १२ व्होल्ट कायम असतात आणि ईसीयू दुसरी वायर काही मिलिसेकंद अर्थ करतो. इंजेक्टरच्या कनेक्टरमध्ये नॉइड लाइट (टेस्टची छोटी लाइट) लावून सेल्फ मारला तर ती लुकलुकायला हवी, इथे ढिम्म. इथेच बरेच जण ईसीयू उडाला म्हणून मोकळे होतात. मी मीटर लावला तर चारही इंजेक्टरच्या प्लस वायरला शून्य! फ्यूज चांगला, रिलेतून करंट बाहेर येतोय, मग वायर चाचपत गेलो तर इनटेक मॅनिफोल्डच्या मागे टेप कुरतडलेली, आत वायर तुटून तांबं हिरवं पडलेलं. उंदीर, दुसरं कोण. स्पार्क बनवणाऱ्या कॉइलची वायर वेगळी म्हणून स्पार्क शाबूत होता. सोल्डर करून स्लीव्ह चढवली, गाडी चालू. मामांनी आता बोनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या ठेवल्यात, उंदीर किती ऐकतात बघू.

तुमच्याकडे प्लसला १२ व्होल्ट असूनही लाइट लुकलुकत नसेल तर आधी डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा (चोरीविरोधी लॉकचा) दिवा बघा, काही गाड्यांत तो फक्त इंजेक्शन तोडतो. मग थ्रॉटल सेन्सर (थ्रॉटल किती उघडलंय ते सांगणारा), कारण तो बिघडून पूर्ण थ्रॉटल दाखवत असेल तर इंजिन फ्लड झालंय (आत जास्त पेट्रोल गेलंय) समजून ईसीयू सेल्फ मारताना पेट्रोल बंद ठेवतो.